अ‍ॅप लिहायचे एकदाच. पण सांभाळायचे किती वेळा?

आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालून आहुप्याच्या दिशेने निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावरील रेंजच्या रेघा एकेक करून कमी होतात. जुन्नर तालुक्यात पश्चिमेला नाणेघाटाकडे जातानाही हाच अनुभव येतो. खरिपात या पट्ट्यात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात, पावसाला खंड नसतो आणि धुके दिवसदिवस हटत नाही. नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करावी, अशी आजची व्यवस्था आहे.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. तोपर्यंत सातबाऱ्यावरील पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकरी स्वतः शेतात जातो, अ‍ॅपमध्ये पीक व क्षेत्र भरतो आणि छायाचित्र काढतो. त्या छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. पीक विमा, पीककर्ज, हमीभावाने होणारी खरेदी आणि अतिवृष्टीनंतरची नुकसानभरपाई या साऱ्यांत ही नोंद महत्त्वाची ठरते. त्यासाठी मुदत असते. अ‍ॅप उघडलेच नाही किंवा भरलेली माहिती पुसली गेली, तर शेतकऱ्याला पुन्हा चिखल तुडवत शेतात जावे लागते आणि मुदत टळली तर सहायकाची वाट पाहण्याची वेळ येते. शहरात बसून तयार होणाऱ्या अ‍ॅपची खरी परीक्षा कुठे होते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

मोबाइलचे जग अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन वाड्यांत विभागलेले आहे. दोन्हींची भाषा वेगळी, साधने वेगळी. अँड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन, आयफोनसाठी स्विफ्ट. म्हणजे एकच अ‍ॅप दोनदा लिहायचे, दोन वेगळे जाणकार नेमायचे आणि प्रत्येक दुरुस्तीही दोनदा करायची. ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संघ यांच्यासारख्या संस्थांना हा खर्च परवडणे अवघड असते.

यावर निघालेला तोडगा म्हणजे हायब्रिड अ‍ॅप. संकेतस्थळे ज्या भाषांत लिहिली जातात, त्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्येच अ‍ॅप लिहायचे. ती पाने मोबाइलमधील 'वेबव्ह्यू' नावाच्या, पत्त्याची पट्टी नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडायची आणि त्याभोवती खऱ्या अ‍ॅपचे कवच चढवायचे. कॅमेरा, जीपीएस किंवा फोनमधील साठवण यांच्याशी बोलण्यासाठी मध्ये एक दुभाषा नेमला जातो. त्याला 'प्लगइन' म्हणतात.

कॅनडातील निटोबी या कंपनीच्या मंडळींनी २००८ मध्ये 'फोनगॅप' या नावाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. अडोबी कंपनीने २०११ मध्ये निटोबी विकत घेतली आणि फोनगॅपचा गाभा अपाची या मुक्त संस्थेकडे सुपूर्द केला. तोच पुढे 'कॉर्डोव्हा' झाला. अडोबीने २०२० मध्ये फोनगॅप बंद केले. त्याच्या भरवशावर असलेल्यांना कॉर्डोव्हा किंवा आयोनिक कंपनीच्या 'कपॅसिटर'कडे वळावे लागले. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर हे निराळे मार्ग. त्यांत वेबव्ह्यूवर मदार नसते, पण 'लिहा एकदा, चालवा सर्वत्र' हे आश्वासन तेच आहे.

आश्वासन आणि वास्तव

हे आश्वासन खोटे नाही, मात्र अपुरे आहे. ई-पीक पाहणीसारखे काम हायब्रिड अ‍ॅपकडून करून घ्यायचे ठरवले, तर अडचणी कुठे उभ्या राहतात ते पाहू.

पहिली अडचण छायाचित्राची. हायब्रिड अ‍ॅपमध्ये बहुधा फोनचाच कॅमेरा उघडला जातो आणि अ‍ॅप मागे सरकते. स्वस्त फोनमध्ये मेमरी कमी असते. ती अपुरी पडली की अँड्रॉइड मागे गेलेले अ‍ॅप परस्पर बंद करून टाकते. शेतकरी फोटो काढून परत येतो, तो अ‍ॅप पहिल्या पानावर आणि भरलेला अर्ज कोरा! पुण्यातील कार्यालयात, नव्या महागड्या फोनवर हा दोष सहसा दिसतच नाही. त्यावर उपाय आहे. कॅमेरा उघडण्यापूर्वीच अर्जातील माहिती साठवून ठेवायची आणि अ‍ॅप नव्याने सुरू झाल्यास छायाचित्र तिच्याशी जोडून घ्यायचे. मात्र हे काम आपोआप होत नाही, ते कुणीतरी आठवणीने लिहावे लागते.

दुसरी अडचण जागेची. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे खरे. परंतु उपग्रहांची प्राथमिक माहिती फोन एरवी नेटवर्कवरून चटकन मिळवतो. नेटवर्क नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते आणि त्यात काही मिनिटे जातात. डोंगरकड्याखाली आकाशाचा तुकडाच लहान, तिथे आणखी वेळ लागतो. अ‍ॅपने तीस सेकंदांत हार मानून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटले, तर शेतकरी प्रयत्नच करीत राहणार. दोन्ही तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर तेथे ऊस वाढला आणि उसात बिबट्या स्थिरावला. सायंकाळी उसाच्या कडेला मोबाइलकडे पाहत ताटकळत उभे राहणे तेथे कुणालाच नको असते.

तिसरी अडचण साठवणीची. नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्येच राहिली पाहिजे आणि रेंज मिळताच पुढे गेली पाहिजे. वेबव्ह्यूतील सोपी साठवण मोबाइलची प्रणाली जागा कमी पडल्यास पुसून टाकू शकते. म्हणून प्लगइनच्या साहाय्याने पक्का माहितीसाठा ठेवावा लागतो.

आणखी एक बाब अक्षरांची. अनेक वयस्क मंडळी फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात. अँड्रॉइडचा वेबव्ह्यूही त्यानुसार अक्षरे वाढवतो आणि मग 'पुढे जा'चे बटण पडद्याबाहेर ढकलले जाते किंवा वरच्या मात्रा कापल्या जातात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'मुक्ता'सारखा मुक्त फॉन्ट अ‍ॅपसोबत दिला तर मराठी अक्षरे सर्व फोनवर सारखी दिसतात. त्या बदल्यात अ‍ॅपचा आकार थोडा वाढतो.

बांधणीनंतरची कसरत

अ‍ॅप लिहून झाले की त्याचे पुडके बांधावे लागते आणि 'एकदाच' हा शब्द येथे पुरता गळून पडतो. आयफोनसाठी अधिकृत पुडके करायचे तर अ‍ॅपलचा मॅक संगणक आणि एक्सकोड ही प्रणाली हवी. स्वतःचा मॅक नसेल तर तो भाड्याने घ्यावा लागतो. अ‍ॅपलचे विकासक शुल्क वर्षाला ९९ डॉलर, तर गूगलचे एकदाच २५ डॉलर. केवळ संकेतस्थळ गुंडाळून दिलेले अ‍ॅप अ‍ॅपल नियमावर बोट ठेवून नाकारू शकते.

गूगलने ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपसाठी 'अ‍ॅप बंडल' हे रूप बंधनकारक केले. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची मुदत दरवर्षी येते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपना आणि सुधारणांना अँड्रॉइड १५ ची अट लागू झाली. फार मागे राहिलेले अ‍ॅप नव्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये दिसेनासे होते. ही जुळवाजुळव करताना मूळ पाने तशीच राहतात, पण दुभाषे अडतात. एखादे प्लगइन हौसेने लिहिणाऱ्या विकासकाने मध्येच सोडून दिले असेल, तर कॅमेरा किंवा साठवण बंद पडते आणि पर्याय शोधण्याची धावपळ होते.

वेबव्ह्यूवरील ताबाही अ‍ॅप करणाऱ्याकडे नसतो. अँड्रॉइड ५ पासून तो प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. मार्च २०२१ मध्ये अशाच एका सदोष सुधारणेमुळे जगभर अनेक अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली. त्यांतून खुद्द गूगलचे जीमेलही सुटले नाही. गूगलने नवी सुधारणा दिली तेव्हा ती पूर्ववत झाली.

किल्ली कोणाकडे?

सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे स्वाक्षरीची किल्ली. प्रत्येक अ‍ॅपवर डिजिटल शिक्का असतो आणि सुधारणेवरही तोच शिक्का लागतो. नव्या अ‍ॅपची मूळ किल्ली आता गूगल सांभाळते. मात्र जुन्या किंवा स्टोअरबाहेर वाटलेल्या अ‍ॅपना हे संरक्षण असेलच असे नाही. विकासकाचे खातेच कंत्राटदाराच्या नावावर असेल आणि कंत्राट संपले, तर संस्थेच्या हाती अ‍ॅपचे नावच उरते. वापरणाऱ्यांना नव्या नावाचे दुसरे अ‍ॅप घ्या, असे सांगत फिरावे लागते.

मग हायब्रिडचा मार्ग चुकीचा आहे का? तसे म्हणता येणार नाही. अर्ज भरणे, बाजारभाव दाखवणे, सूचना देणे यांसारख्या कामांसाठी तो आजही पुरेसा आणि स्वस्त आहे. चूक होते ती अ‍ॅप म्हणजे एकदा बांधून सोडून द्यायची इमारत आहे, असे मानण्यात. ते शेततळ्यासारखे आहे. दरवर्षी गाळ काढावाच लागतो. त्यामुळे अ‍ॅपची मागणी नोंदवताना किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावेत. खाते आणि किल्ली कोणाच्या नावावर राहणार? दरवर्षीच्या जुळवणीचा खर्च कोण करणार? आणि विमान मोडवर टाकलेल्या, मेमरी भरत आलेल्या स्वस्त फोनवर त्याची चाचणी झाली आहे का? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तरच आहुप्याच्या बांधावर भिजत उभ्या असलेल्या शेतकऱ्याची नोंद सातबाऱ्यापर्यंत पोहोचण्याची आशा धरता येईल.