वाजवून बघणारं सॉफ्टवेअर

धामणगाव रेल्वे या गावातल्या एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात काय काय असतं? टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफायचा राउटर आणि हल्ली सीसीटीव्हीचा डीव्हीआर. एवढ्याशा पसाऱ्यातही प्रत्येक यंत्राला टीसीपीची ६५,५३५ पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची दारं, असतात. त्यातली उघडी किती, हे मालकाला ठाऊक नसतं. डीव्हीआर बसवून गेलेल्यालाही बहुधा नसतं.

ओपनव्हास हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर ते शोधून काढतं. मडकं विकत घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तशीच याची रीत. उघड्या पोर्टवर साधा निरोप धाडायचा आणि पलीकडचं उत्तर ऐकायचं. गंमत म्हणजे पुष्कळ यंत्रं पहिल्याच ओळीत आपलं नाव आणि आवृत्ती सांगून मोकळी होतात! मग ते उत्तर जगभर सापडलेल्या त्रुटींशी ताडलं जातं. या चाचण्या लाखाच्या वर आहेत आणि रोज येणाऱ्या ‘फीड’मधून त्यांत भर पडते. नेसस या अशाच स्कॅनरचा खुला कोड २००५ साली बंद झाला, तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या कोडातून हे सॉफ्टवेअर निघालं. आज जर्मनीतली ग्रीनबोन कंपनी ते सांभाळते.

एका त्रुटीनं काय होऊ शकतं, ते न्हावा शेवानं पाहिलंय. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस पसरला आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. तो शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पुढं पसरायला त्यानं चोरलेले पासवर्ड वापरले आणि विंडोजमधली एक त्रुटीही. त्या त्रुटीवरचा पॅच १४ मार्चलाच आला होता.

अशा त्रुटी हेरणारं ओपनव्हास काली लिनक्सवर बसवणं सोपं. ओपनव्हास ज्यात येतं ते जीव्हीएम पॅकेज घ्यायचं, जीव्हीएम-सेटअप चालवायचं आणि चहा घेऊन यायचं, कारण फीड उतरायला वेळ लागतो. शेवटी ओळींच्या गर्दीत ॲडमिनचा पासवर्ड छापून येतो. तो तेव्हाच टिपून ठेवा.

खरी परीक्षा अपग्रेडची. सगळी माहिती पोस्टग्रेस डेटाबेसात असते. सिस्टीम अपग्रेड केली, की नवा पोस्टग्रेस जुन्याच्या शेजारी येऊन बसतो. ५४३२ पोर्ट जुन्याकडेच राहतं, नव्याला ५४३३ मिळतं. जीव्हीएमला हवा असतो नवा, तोही ५४३२ वरच. मग सगळं ठप्प! इथं जीव्हीएम-चेक-सेटअप कामी येतं. कुठं अडलं ते सांगतं आणि लगेच खालच्या ओळीत उपायही देतं. असली समजूतदार एरर क्वचितच भेटते. जुना डेटा पीजी-अपग्रेडक्लस्टरनं नव्यात न्यायचा, पण आधी बॅकअप घ्यायचाच.

स्कॅन आपल्याच नेटवर्कवर करा. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय डोकावणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ च्या कचाट्यात येऊ शकतं. आणि सुरू करण्याआधी ‘फीड स्टेटस’चं पान उघडून बघा. फीड शिळं असेल, तर परवा सापडलेली त्रुटी या स्कॅनरच्या लेखी अजून जन्मलेलीच नसते, आणि रिपोर्ट मात्र छान हिरवागार येतो.