सौताड्याचा कडा आणि पाण्याची वाटणी

बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें उघडें माळरान आणि कोरडी विहीर उभी राहते. हें चित्र खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. पाटोद्याहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत, सौताडा नांवाचें गांव आहे. तेथें बालाघाटचें पठार एकाएकीं तुटतें आणि खालीं खोल दरी उघडते. या कड्याच्या काठानें एक दिवस पायीं हिंडलें तर सृष्टिशोभा दिसतेच. पण हा मुलूख कोरडा कां, याचें उत्तरही त्याच खडकांत सांपडतें.

सह्याद्रीची जी शाखा हरिश्चंद्रगडाकडून फुटून आग्नेयीस जाते, तिच्या पूर्वेकडील भागास बालाघाट म्हणतात. सह्याद्रीसारखीं उंच शिखरें येथें नाहींत. माथा सपाट आणि बाजू तुटलेल्या, असें याचें रूप. म्हणून येथें धापा टाकीत शिखर गांठावयाचें नसतें. मनुष्य सपाटीवरून चालत असतो आणि अकस्मात् पुढची जमीन संपते.

पावसाळ्याचा उत्तरार्ध, म्हणजे भाद्रपद-आश्विन, हा या वाटेचा उत्तम काळ होय. भल्या सकाळीं निघावें, सोबत पिण्याचें पाणी पुरेसें असावें. पायांखालीं काळा पाषाण, त्याच्या भेगांतून कुसळी गवत, उतारावर बोरी, बाभळी आणि सीताफळीचीं झाडें. सीताफळीस थोडी माती आणि बराच दगड चालतो. म्हणूनच बीडचें सीताफळ नांवाजलेलें आहे. पुढें विंचरणा नदी काठावरून खालीं झेप घेते. दरीच्या तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे; श्रावणांत तेथें भाविकांची गर्दी लोटते. अगदीं कडेला उभें राहण्याचा मोह मात्र प्रवाशानें आवरावा. शेवाळलेला खडक निसरडा असतो, कडेचे धोंडे सुटे असतात, आणि वर पठारावर कोठें जोराची सर कोसळली, तर इकडे आकाश निरभ्र असतांही पात्रांतील पाणी पाहतां पाहतां वाढतें.

समोरचा कडा निरखून पाहिला म्हणजे तो थरांवर थर रचून झालेला दिसतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हां बाहेर पडला व पसरला. प्रत्येक लोट थिजून त्याचा एकेक थर झाला. कांहीं थर घट्ट, तर कांहीं सच्छिद्र व ठिसूळ. पाण्याच्या माऱ्यानें खालचा ठिसूळ थर आधीं झिजतो. वरचा कठीण थर छपरासारखा पुढें लोंबत राहतो आणि शेवटीं आपल्याच भारानें ढांसळतो. अशा रीतीनें धबधबा हळूहळू मागें सरकतो आणि दरी लांबत जाते.

आतां दरीकडे पाठ करून पठाराकडे पाहावें. हें पठार म्हणजे पाण्याची वाटणी करणारा बांधच होय. विंचरणेचें पाणी जामखेडवरून सीनेस, सीनेचें भीमेस आणि भीमेचें कृष्णेस मिळतें. याच पाटोदे तालुक्यांत उगम पावणारी सिंदफणा उत्तरेकडे वळून मांजरथजवळ गोदावरीस मिळते. मांजरा नदीही याच तालुक्यांतील गवळवाडीनजीक उगम पावते. ती लातूर-बिदरकडून सुमारें ७२४ किलोमीटरचा वळसा घेऊन शेवटीं गोदावरींतच जाते. एकाच ढगांतून एकाच माथ्यावर पडलेल्या दोन थेंबांपैकीं एक कृष्णेचा होतो, दुसरा गोदावरीचा. हैदराबाद शहरास पुढें मांजरेचें पाणी पोंचविण्यांत आलें, तेंही या डोंगरापासूनच निघालेलें.

इतक्या नद्यांचें हें माहेर, आणि तेथेंच पाण्याची वाण कां? पहिलें कारण असें कीं, पश्चिमेकडील ढग सह्याद्रीवरच बहुतेक रिते होतात. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे ते सातशेच्या आसपास. दुसरें कारण पायांखालचें. घट्ट पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें केवळ भेगांत आणि वरच्या मुरमांत राहतें. माती वीतभर, उतार तीव्र. तेव्हां पडलेला पाऊस थांबत नाहीं. जो धबधबा पाहून प्रवासी धन्य होतो, तो पठाराच्या दृष्टीनें हातचें निसटलेलें पाणी असतें. एप्रिल २०१६ मध्यें याच जिल्ह्यांतील धनेगांवचें मांजरा धरण आटलें, तेव्हां लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें.

या गणिताची किंमत माणसें देतात. बरड, कोरडवाहू जमिनींत बाजरी-तुरीचें एक पीक हातीं आलें कीं पुढें काम नसतें. म्हणून दसऱ्यानंतर डोंगरपट्ट्यांतील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखाकडे ऊसतोडीस जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. गळिताचा हंगाम संपेपर्यंत घराला कुलूप, आणि मुलांची शाळा कधीं म्हाताऱ्यांच्या भरंवशावर, तर कधीं अर्ध्यावरच राहते.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. उतारावर समतल चर खणावे, ओढ्यांस ठिकठिकाणीं बांध घालावे, गवत राखावें, म्हणजे पळणारें पाणी मातींत रेंगाळतें. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरेबाजार या गांवानें १९९० नंतर हेंच केलें. शिवाय ऊस आणि शेतीसाठीं खोल कूपनलिका यांस आळा घातला. तेथें पाऊस वाढला नाहीं. पडलेला पाऊस जपला गेला, आणि गांव सोडून गेलेलीं कांहीं कुटुंबें परतलीं.

पाऊस बरा झालेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारासही विंचरणेची धार वाहत असते. त्याच दिवसांत रस्त्याच्या कडेला गांठोडीं, भांडीं आणि लेंकरें घेऊन कारखान्याच्या वाहनाची वाट पाहणारीं कुटुंबें भेटतात. कड्यावरून परतणाऱ्या प्रवाशानें या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या. कारण दोहोंच्या मुळाशीं खडक एकच आहे.