ऐवज, ऐवजी आणि मुआवजा

दिल्लीलगतच्या ग्रेटर नोएडाच्या कुठल्याही जुन्या गावात '64.7' एवढंच म्हणावं, पुढचं लोक स्वतःहून सांगतात. 21 ऑक्टोबर 2011 रोजी गजराज सिंह यांच्या भूसंपादनाविरुद्धच्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला: शेतकऱ्यांना 64.7 टक्के वाढीव रक्कम द्या आणि घेतलेल्या जमिनीच्या दहा टक्क्यांपर्यंत विकसित भूखंडही द्या. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतरही तिथल्या धरण्यांवर हेच दोन आकडे ऐकू येत राहिले, आणि त्यांच्या जोडीला एक शब्द: मुआवजा.

महाराष्ट्रातून दिल्लीत बदलून आलेल्या माणसाला हा शब्द परका वाटतो. तो चटकन 'मोबदला' म्हणून जातो, आणि समोरचा हरयाणवी गृहस्थ गोंधळतो. खरं तर मुआवज्याची भावंडं मराठी घरात रोज वावरत असतात. शब्द अरबी; मूळ अक्षरं ऐन, वाव आणि ज़ाद; अर्थ एका वस्तूच्या जागी दुसरी देणं. ज़ादचा उच्चार अरब जड 'ड'सारखा करतात, इराणी माणूस सरळ 'ज़' म्हणतो. भारतात शब्द फारसीच्या वाटेने आला, म्हणून आपल्या वाट्याला 'ज' आला. 'चहाऐवजी कॉफी' यातला ऐवजी त्याच मुळाचा. 'चोरट्यांनी दोन लाखांचा ऐवज लंपास केला' या बातमीतला ऐवजही तोच; रोकडीच्या जागी चालणारी चीजवस्तू. दिल्लीच्या महापालिकेत कायम सफाई कामगाराच्या जागी कामावर येणारा बदली माणूस 'एवजीदार' म्हणवला जातो. मराठवाड्यात तर हा शब्द 'मावेजा' होऊन नांदतोच. निजामाच्या कचेऱ्यांत उर्दू चाले, त्याची ही खूण; बीड-लातूरची वर्तमानपत्रं आजही 'वाढीव मावेजा' छापतात.

मोबदल्याचं घराणं वेगळं. ते बे, दाल, लाम या अक्षरांचं. बदल, बदली आणि सूडाचा बदलाही त्यातलेच.

कायद्याच्या नावाला मात्र यांतला एकही चालला नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या हिंदी नावात 'उचित प्रतिकर' आहे, मराठीत 'वाजवी भरपाई'. प्रतिकर कागदावरच राहिला. नुकसान झालेला माणूस तो उच्चारताना क्वचितच सापडेल. भरपाईचं तसं नाही, ती बोलण्यातली आहे. पैसे पुरते हाती पडले म्हणजे भरून पावले. खरेदीखतात आजही लिहितात, 'रक्कम भरून पावली, त्याबद्दल तक्रार नाही.' घरात वैतागून 'भरून पावलो बाबा!' म्हणणाऱ्याला आपण पावतीची भाषा बोलतोय याचा पत्ताही नसतो.

मुआवज्यात 'त्या जागी काहीतरी' एवढंच वचन आहे, भरपाईत खड्डा काठोकाठ भरल्याचा दावा आहे. भांडण नेमकं या दोहोंमधल्या अंतरावर होतं. जमिनीच्या ऐवजी पैसा मिळाला तरी शेत गेलं ते गेलंच. म्हणून शेतकरी जमिनीतलाच वाटा मागतो. नवी मुंबईत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली 1984 मध्ये जासईला गोळीबार झेलून आगरी-कोळी शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. नोएडाचे दहा टक्के त्याच जातीचे.

कायद्यालाही हे अंतर ठाऊक असावं. जबरदस्तीने जमीन घेतल्याबद्दल 1894 च्या कायद्यात बाजारभावावर 15 टक्के जादा रक्कम होती. ती 1984 मध्ये 30 टक्के झाली, 2013 च्या कायद्याने 100 टक्क्यांवर नेली. इंग्रजीत तिला सोलेशियम म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सांत्वन.

1911 च्या दरबारात राजधानी दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली आणि रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, तेव्हा हाच 1894 चा कायदा लागू होता. त्याच्या एकतिसाव्या कलमात एक बारीक अट होती: रक्कम घेताना 'हरकत नोंदवून घेतो' असं म्हणायला हवं. मुकाट्याने पैसे उचलणाऱ्याला वाढीव रकमेसाठी न्यायालयाची वाट बंद. म्हणजे तो भरून पावला, असंच धरलं जाई.