दिवाळीची रंगरंगोटी आणि माळ्यावरचे डबे

कोजागरीचे आटीव दूध पिऊन झाले की घरोघरी दिवाळीच्या आवराआवरीस प्रारंभ होतो. जळमटे उतरतात, पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे भिंतींवर रंगाचा हात फिरतो. लक्ष्मी स्वच्छ घरी वास करते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. म्हणूनच लक्ष्मीपूजनास आपण नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी मानतो व हळदकुंकू वाहतो. आणि त्याच रात्री सूप वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालवण्याची रीतही जुन्या धर्मशास्त्रग्रंथांनी सांगितली आहे.

घरातील कोणती वस्तू जपावी आणि कोणती बाहेर काढावी, याचा निवाडा करण्याचा हा काळ. जुन्या कपड्यांचा व मोडक्या भांड्यांचा निवाडा गृहिणी चटकन करतात. अडते ते माळ्यावरच्या रंगाच्या डब्यांपाशी. मागच्या खेपेस उरलेला पाव डबा, त्यामागच्या खेपेचा निम्मा डबा, कुणी कधी आणला हेही न आठवणारा आणखी एक. टाकवत नाही, कारण पैसा मोजलेला असतो. वापरवत नाही, कारण खात्री नसते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. समईच्या काजळीने देवघराच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला होता. त्याच भिंतीचा तीन वर्षांपूर्वी उरलेला रंग माळ्यावर होता. झाकण उघडताच आंबूस दर्प आला. परंतु ‘वाळला की वास जाईल’ अशी स्वतःची समजूत घालून आम्ही तो भिंतीला फासला. वास गेला नाही. वसुबारस झाली, धनत्रयोदशी झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी धूप, उदबत्ती, झेंडू, शेवंती या सर्वांवर तो दर्प मात करून उरला. भाऊबीजेनंतर भिंत खरवडून नवा रंग द्यावा लागला. वाचवायला गेलो चार पैसे आणि गमावला सणाचा प्रसन्नपणा. त्यानंतर जाणत्या रंगाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

रंग नासतो तो कशाने?

आपल्या घरांत मुख्यत्वे तीन जातींचे रंग येतात आणि तिघांचा स्वभाव निराळा आहे. पहिला चुना. भिजवून विरवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो. भिंतीवर तो घट्ट बसतो तो याच गुणामुळे. म्हणून उरलेला निवळ चुना झाकणाच्या भांड्यात घालून त्यावर चार बोटे पाणी उभे ठेवावे. हवा लागली नाही तर तो वर्षानुवर्षे टिकतो, किंबहुना मुरून अधिक मऊ होतो. मात्र त्यात गूळ, खळ किंवा सरस मिसळलेला असेल तर तो ठेवू नये. ही द्रव्ये कुजतात. सरस घातलेल्या साध्या डिस्टेंपरचेही तसेच. कोरडी पूड कोरड्या जागी टिकते. पाण्यात कालवल्यावर मात्र ती लवकर संपवावी.

दुसरी जात पाण्यात कालवण्याच्या रंगांची, म्हणजे इमल्शन अथवा प्लॅस्टिक पेंटची. यात जंतूंना अटकाव करणारे द्रव्य कारखान्यातच घातलेले असते. परंतु रंगारी तो रंग नळाच्या पाण्याने पातळ करतो, त्यात भिंतीवरून फिरलेला ब्रश बुडवतो आणि उरलेला रंग पुन्हा मूळ डब्यात ओततो. पाण्याबरोबर जंतू आत जातात, रक्षक द्रव्य विरळ होते आणि दुधाच्या भांड्यात ताकाचा थेंब पडावा तसा सारा डबा नासतो. आमच्या देवघराच्या रंगाचे हेच झाले होते.

तिसरी जात तैलरंगाची, ज्यास आपण ऑइलपेंट म्हणतो. दारे, खिडक्या, गज आणि चौरंग यांना तो लावतात. तो केवळ आतील द्रव उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा भरपूर असते, म्हणून वर जाड साय धरते.

ठेवण्याची रीत

एवढे ध्यानी आले की साठवणीचे नियम आपोआप सुचतात. काम सुरू करतानाच लागेल तेवढा रंग दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा. पातळ करणे व ब्रश बुडवणे जे काही असेल ते त्या भांड्यात. मूळ डब्यात पाणी जाऊ देऊ नये आणि पातळ केलेला रंग त्यात परत ओतू नये.

काम संपल्यावर उरलेला रंग त्याच्या मापाच्या लहान, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. डबा जितका भरलेला तितकी आत हवा कमी. तैलरंगासाठी पत्र्याचा डबा घ्यावा. खाण्याच्या जिनसांचा डबा किंवा सरबताची बाटली यासाठी कदापि वापरू नये. मुलांची गफलत व्हायला क्षण पुरतो. डब्याच्या काठावरील खाच फडक्याने स्वच्छ पुसावी. तेथे वाळलेला रंग राहिला तर झाकण नीट बसत नाही. काठावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून झाकण ठेवावे आणि वर लाकडाचा ठोकळा धरून कडेकडेने हलके ठोकावे.

त्यानंतर झाकणावर चिठ्ठी चिकटवावी. कंपनी, रंगछटेचे नाव व क्रमांक, कोणत्या खोलीचा, केव्हा उघडला, एवढे चार शब्द त्यावर असावेत. लोणच्याच्या बरणीवर साल लिहिणाऱ्या गृहिणीस हे सांगणे नको. छटेचा क्रमांक असला तर रंग नासला तरी दुकानात तीच छटा पुन्हा करून मिळते.

जागेचाही विचार हवा. पत्र्याच्या छपराखालचा माळा वैशाखात तापतो. तेथे कोणताच रंग सुखाने राहात नाही. कोकणातील दमट हवेत जमिनीवर ठेवलेला पत्र्याचा डबा बुडातून गंजतो. तो फळीवर ठेवावा. तैलरंग, टर्पेंटाइन व थिनर हे ज्वालाग्राही आहेत. स्वयंपाकघराचा माळा, देवघरातील समईच्या वरची फळी आणि फटाक्यांच्या पिशवीची शेजारची जागा या तिन्ही वर्ज्य समजाव्यात. जवसाच्या तेलाने वा तेलकट पॉलिशाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना त्या आतल्या आत तापतात आणि ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.

डबा उघडल्यावरची परीक्षा

नीट बंद ठेवलेला रंग बहुधा एखाद-दोन वर्षे चांगला राहतो, कधी त्याहूनही अधिक; तथापि तारखेपेक्षा परीक्षा महत्त्वाची. ती सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी करावी.

प्रथम नाक. नव्या रंगाला स्वतःचा वास असतोच. पण आंबलेला, कुजका, नासक्या अंड्यासारखा दर्प आला तर तो डबा बाद. हा वास वाळल्यावर जाईल, अशी आशा धरू नये. मग डोळे. पाण्याच्या रंगावर काळी-हिरवी बुरशी दिसली तर तोही बाद. वर नुसते पाणी आणि खाली गाळ दिसला तर मात्र घाबरू नये. तो दीर्घकाळ स्थिर राहिल्याचा परिणाम आहे.

मग हात. सपाट काठीने बुडापासून पाच-दहा मिनिटे संथपणे ढवळावे. सारे एकजीव झाले तर रंग जिवंत आहे. दह्याच्या गाठींसारख्या गुठळ्या फुटतच नसतील, किंवा बुडाशी खडकासारखा थर बसला असेल, तर पाणी वा टर्पेंटाइन ओतून तो सुधारत नाही. तैलरंगावरील साय मात्र नासल्याची खूण नव्हे. ती ढवळून आत मिसळू नये. कडेने सुरीने कापून अखंड उचलावी व खालचा रंग जुन्या पातळ कापडातून गाळून घ्यावा.

शेवटी एक पट्टा जुन्या पुठ्ठ्यावर किंवा कपाटामागच्या भिंतीवर ओढून एक दिवस थांबावे. कण दिसले, पट्टा चिकट राहिला किंवा बोटाने पोपडा निघाला, तर तो डबा बाजूस ठेवावा. परीक्षेस उतरलेला रंगदेखील वर्षभर धूर-ऊन सोसलेल्या भिंतीवर किंचित वेगळा दिसतो. म्हणून ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सबंध भिंत रंगवावी.

जुन्या डब्यातील शिसे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वास नाही, गुठळी नाही, ढवळताच एकजीव होतो, तरीही वापरू नये असा एक डबा असतो. तो म्हणजे फार जुना तैलरंग. पूर्वी पिवळ्या, नारिंगी, लाल व हिरव्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास घालीत. मारुतीला आपण लावतो तो पारंपरिक शेंदूरही शिशापासूनच होतो, आणि तो पोटात जाऊ देऊ नये हे घरातील वडीलधारी माणसे जाणतात. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असे ठरवले, आणि रंग तयार करणाऱ्यांवर हे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचा डबा शुद्ध असेलच, असा भरवसा देता येत नाही.

शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस अपाय करते. त्याची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. रांगते मूल पाळण्याचा कठडा चावते, चौरंगाच्या कडेला हात लावून तोच तोंडात घालते. त्याच चौरंगावर आपण नैवेद्य ठेवतो. तेव्हा डब्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. ती २०१७ च्या आधीची असेल वा पुसली गेली असेल, तर तो रंग पाळणा, पाट, चौरंग, देव्हारा, खेळणी, दारे-खिडक्या यांपैकी कशासही लावू नये. जुना तैलरंग काढतानाही कोरडा घासू नये. ओला करून घासावा आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

घरच्या मातीच्या गणेशमूर्तीवरही उरलेला तैलरंग चढवू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व २०२० साली ती सुधारली. त्यांत विषारी रंग टाळण्यासच सांगितले आहे. मूर्तीला गेरू, हळद यांची शोभा पुरेशी आहे. तुळशीवृंदावनासही तोच गेरू उत्तम. तो खनिज असल्याने कोरडा ठेवला तर नासत नाही आणि उन्हात विटत नाही.

निरोप कसा द्यावा?

चांगला पण नको असलेला रंग वेळीच देऊन टाकावा. शेजारच्या घराला, गावच्या मंदिराच्या ओवरीला, शाळेच्या कुंपणाला तो लागतो. एकाच जातीचे, परीक्षेस उतरलेले उरलेसुरले रंग एकत्र करून परसातील भिंतीस लावता येतात. मात्र पाण्याचा रंग आणि तैलरंग एकत्र करू नयेत.

नासलेला रंग मोरीत, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिच्या ओटीत हे घालणे कोणत्या धर्मात बसते? पाण्याचा थोडा रंग असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून मुलांच्या हाती न लागेल अशा उघड्या जागी घट्ट होऊ द्यावा आणि मग वेगळा बांधून द्यावा. तैलरंगाचा डबा झाकण लावून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून निराळा ठेवावा व नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यास तसे सांगून द्यावा. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात मोजले होते, ते उगीच नव्हे.

असो. या दिवाळीस माळा उतरवाल तेव्हा प्रत्येक डब्याची तारीख पाहा, झाकण उघडा, वास घ्या, ढवळून पाहा. जो खरा उतरेल त्यावर चिठ्ठी लावून मानाने ठेवा. जो उतरणार नाही त्यास अलक्ष्मीबरोबर, पण कोणास अपाय न होईल अशा रीतीने, निरोप द्या. मग लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी देवघरात दरवळेल तो केवळ धुपाचा सुगंध.

सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची व आरोग्याची जावो. शुभं भवतु!