शेजारच्या सीटवरून

गाडी शिकण्याला आपल्याकडे एक ठरलेला शेवट असतो. हातात लायसन्स पडले की शिकणे संपले. त्यानंतर माणूस तीस-चाळीस वर्षे गाडी चालवतो, पण शेजारी बसून ‘तुमचे इथे चुकते आहे’ असे शांतपणे सांगणारा त्याला पुन्हा कधी भेटत नाही. घरची माणसे सांगतात, पण त्यांचे ऐकतो कोण?

मीही ऐकत नव्हतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी जुनी मारुती ८०० घेतली, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. मोटार वाहन नियमांप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलने हलक्या वाहनासाठी किमान एकवीस दिवस आणि दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची असते. माझे दहा तास कसे भरले ते विचारू नका. क्लच सोडणे, आठचा आकडा काढणे आणि रिव्हर्स घेणे एवढे जमले आणि मी ‘ड्रायव्हर’ झालो. मित्रमंडळी कौतुक करायची. कवीला गाडी चालवता येते, याचेच त्यांना आश्चर्य.

कापसाचे दिवस होते. यवतमाळहून एक लग्न आटोपून आम्ही नवरा-बायको रात्री बोरी अरबला परतत होतो. समोरून ट्रक येत होता म्हणून मी दिवे डीपरवर घेतले. ट्रक निघून गेला आणि डोळ्यांपुढचा अंधार निवळतो न निवळतो तोच समोर कापसाच्या गंजीसारखे काहीतरी उभे राहिले. ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी तिरपी होऊन साईडपट्टीच्या मुरमात थांबली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. घर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. मी मात्र ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी शेजारच्या काकांना सांगितला. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून जपून ठेवला आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “शायर, तुमाले दिसत किती होतं?”

मला उत्तर देता आले नाही. काकांनी हिशेब मांडला, तो मी पुढे कागदावर करून पाहिला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी तेवढ्यातच १७ मीटर पुढे जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असतील तर, थांबायला आणखी वीस मीटर. म्हणजे एकूण ३७. डीपरच्या उजेडात जुन्या गाडीचे स्वच्छ दिसते ते तीस-चाळीस मीटर. आता वेग ८० करा. थांबायला सुमारे ५७ मीटर लागतात. उजेड मात्र तेवढाच. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच धडक झालेली असते, आवाज तेवढा नंतर येतो. ट्रॅक्टरवाल्याची चूक होतीच. पण जेवढे मोकळे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हा हिशेब माझा होता आणि तो मी केलाच नव्हता.

“तुमाले गाडी हाकता येते,” काका म्हणाले, “रस्ता वाचता येत नाई.”

मी बी.ए. मराठी. वाचता येत नाही हे वाक्य मला जरा लागले. पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी त्यांच्या दाराशी उभी केली.

असे शिकणे हा काही काकांचा शोध नव्हे, हे मला खूप नंतर कळले. माझ्या एका कॉलेजमित्राचा मुलगा इंग्लंडात नोकरीला गेला. आपले लायसन्स तिथे एक वर्ष चालते, मग तिथली परीक्षा द्यावी लागते. ती तो पास झाला आणि एवढ्यावर न थांबता आणखी एका परीक्षेच्या मागे लागला. सुटीत बोरीला आला तेव्हा सांगत होता. १९३४ साली लंडनजवळ हेंडन येथे पोलिसांसाठी ड्रायव्हिंगची शाळा निघाली, कारण पोलिसांच्याच गाड्यांचे अपघात फार होत होते. तिथल्या पद्धतीवर ‘रोडक्राफ्ट’ नावाचे पुस्तक १९५५ मध्ये आले. पुढच्याच वर्षी ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स’ ही संस्था स्थापन झाली आणि पोलिसांची ही विद्या साध्या माणसांना खुली झाली. लायसन्स असलेला कुणीही तिथे पुन्हा विद्यार्थी होऊ शकतो. त्याच्या शेजारी बसतो तो पगारी शिक्षक नसतो, गावातलाच एखादा माणूस असतो. स्वतः ही परीक्षा पास झालेला, सुटीच्या दिवशी आपला वेळ देणारा. त्याला ते ‘ऑब्झर्व्हर’ म्हणतात. निरीक्षक. शिक्षक म्हणत नाहीत, हे मला फार आवडले.

काकांनी हे पुस्तक पाहिलेले नाही. पण एसटीच्या प्रशिक्षणात आणि हजारो फेऱ्यांत जे अंगी मुरले होते ते बरेचसे तेच निघाले. उदाहरणार्थ वळण. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूर कुठेतरी एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. ती जागा आपल्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळते आहे, वेग कमी करा. ती आपल्यापुढे पळू लागली की वळण सुटते आहे, आता गाडी सोडायला हरकत नाही. इंग्रज तिला ‘लिमिट पॉइंट’ म्हणतात. काका तिला ‘रस्त्याची गाठ’ म्हणतात. “गाठ सुटू द्या, मंगच पाय द्या.” पुढच्या गाडीपासूनचे अंतरही ते असेच सोपे करून सांगत. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचे. ते म्हणून होण्याआधी आपण त्या झाडापाशी आलो तर फार जवळ आहोत. पाऊस असेल तर चारपर्यंत मोजायचे.

सर्वांत अवघड गेली ती बोलत गाडी चालवण्याची सवय. जे दिसते आणि त्यावरून आपण जे करणार आहोत, ते मोठ्याने सांगत जायचे. इंग्लंडातही हीच रीत आहे. मला वाटले, बोलणे तर आपले कामच. मी सुरू केले, “डावीकडे पळसाच्या सावलीत एक म्हातारी गाय रवंथ करत…” काकांनी हात वर केला. “वर्णन नको, बातमी सांगा. गाय आडवी येईन का नाई येईन?” बातमी सांगायला लागलो तेव्हा कळले की मी रस्त्याचा अर्धा भाग पाहतच नव्हतो. थांबलेल्या बसखालून दिसणारे पाय, शाळा सुटल्याची वेळ, शेतातून नुकतीच बाहेर पडलेली बंडी आणि तिच्या चाकांनी डांबरावर टाकलेला ओला चिखल, या सगळ्या बातम्याच. पावसाळ्यात अडाण नदीला पूर आला तर पुलावरचे पाणी किती खोल आहे याचा अंदाज करत बसायचे नाही. पूल दिसत नाही, एवढी बातमी गाडी मागे घ्यायला पुरे.

असे वर्षभर चालले. मग एका रविवारी काका गाडीत बसलेच नाहीत. “आता तुमी कोणाच्या बाजूले बसा,” म्हणाले.

माझ्या पुतणीने नुकतेच लायसन्स काढले होते. एका शाळेवर नोकरी लागली होती आणि रोज गाडीने जायचे म्हणत होती. वहिनींचा जीव खालीवर होत होता. मी मोठ्या ऐटीत शेजारी बसलो आणि तिसऱ्या किलोमीटरला पुतणी रडकुंडीला आली. कारण मी थांबतच नव्हतो. गिअर बदल, आरसा पाहा, आता नको, आता घे. एकीकडे बोलत होतो आणि दुसरीकडे माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबत होता. काका मागच्या सीटवर होते. घरी आल्यावर पुतणी आत गेली तेव्हा ते म्हणाले, “पोरीची गाडी ठीक होती. तुमचीच दोनदा ठोकली असती.”

चांगला ड्रायव्हर आणि चांगला सोबती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला असे समजले. पहिल्याला स्वतःच्या हातापायांवर ताबा लागतो, दुसऱ्याला स्वतःच्या जिभेवर. इंग्लंडातल्या संस्थेने हे नीट ओळखले आहे. परीक्षा पास झाला म्हणून कुणी आपोआप निरीक्षक होत नाही. त्याला दुसऱ्यांदा शिकावे लागते, आणि या वेळी तपासणारा त्याचे ड्रायव्हिंग पाहतोच, पण शेजारच्याशी तो कसा बोलतो तेही पाहतो. स्थानिक आणि राष्ट्रीय अशा त्याच्या दोन पायऱ्या आहेत.

मीही नव्याने शिकलो. चौकात, वळणावर आणि ओव्हरटेक करताना तोंड उघडायचे नाही. काही सांगायचे असेल तर ते आधी, किंवा गाडी बाजूला घेतल्यावर. एका फेरीत एकच दोष धरायचा, दहा दिसले तरी. आणि सांगण्याऐवजी विचारायचे. ‘तू आरसा पाहिला नाहीस’ म्हटले की माणूस बचावाला उभा राहतो. ‘त्या वेळी मागे कोण होते?’ असे विचारले की त्याचे त्यालाच कळते की त्याला माहीत नाही. पाहायचे ते चालवणाऱ्याच्या हाताकडे नाही. त्याची मान वळते का, नजर कुठपर्यंत जाते, तिकडे पाहायचे. हात शेवटी नजरेच्या मागून येतात. आणि जे बरोबर केले तेही नेमके सांगायचे. नुसते ‘छान’ म्हणून उपयोग नाही, कशामुळे छान ते सांगायला हवे. मुशायऱ्यात ‘वाह वाह’ ऐकून कुणाची कविता सुधारलेली मी अजून पाहिलेली नाही.

आता रविवारी सकाळी दोघे-तिघे येतात. एक दुधाची व्हॅन चालवणारा आहे, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पैसे घेत नाही, आणि घेऊ नयेत असेच आहे. मोबदला घेऊन शिकवायचे तर कायद्याने ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना लागतो, आणि नियमांप्रमाणे शिकवणारा दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचे शिक्षण असलेला हवा. शिकाऊ लायसन्सवाल्याला मी सरळ शाळेत पाठवतो. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला गाडी थांबवता आली पाहिजे, असा नियम आहे, आणि माझ्या बाजूला दुसरा ब्रेक नाही. माझे काम लायसन्स मिळाल्यानंतरचे. २०२१ पासून केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण तोही लायसन्सच्या अलीकडचाच. पलीकडे अजून कुणी उभे नाही.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली पंधरा हजारांहून जास्त. या मृतांत दर शंभरी ४४ ते ४५ माणसे दुचाकीवरची होती. बोरीच्या रस्त्यावर उभे राहून मोजा, चारचाकी किती आणि मोटारसायकली किती. मी ज्यांच्या शेजारी बसतो ते मुळात थोडे, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या गाडीला शेजारची सीटच नाही. मागे बसून शिकवणे धोक्याचे. तिकडे निरीक्षक दुसऱ्या मोटारसायकलवर मागून येतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवरून बोलतो. आपल्याकडे अजून हेल्मेटच डोक्यावर यायचे आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका, असे सांगायला गेलो तर बाप मलाच वेड्यात काढतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना सांगितले तर म्हणतात, कोण पाहते?

पुतणीचा धाकटा भाऊ वीस वर्षांचा आहे. मोटारसायकल म्हणजे त्याचा जीव. मागच्या महिन्यात मी त्याला म्हटले, तू पुढे चाल, मी कारने मागून येतो, लाडखेडला चहा घेऊ. तो हसला, पण तयार झाला. हेल्मेट घालून. लाडखेडपर्यंत त्याने चार गाड्या ओलांडल्या, त्यांपैकी एक ऐन वळणात. मी हॉर्न वाजवला नाही, दिवा मारला नाही, एक हजार एक, एक हजार दोन मोजत मागून येत राहिलो. टपरीवर चहा आला. मी विचारले, “त्या वळणावर रस्त्याची गाठ कुठे होती?”

“कसली गाठ, चाचा?”

मी चहाच्या पेल्याने टेबलावर ओले वळण काढून दाखवले. त्याने बराच वेळ ते पाहिले. मग म्हणाला, “परत जाताना तुम्ही पुढे चला. मी मागून पाहतो.”