संशोधनात मत बदलणं म्हणजे हार नव्हे

शोधनिबंध लिहायला बसणारा माणूस कोऱ्या मनानं बसत नाही. त्याच्याकडे एक मत असतंच, आणि ते असावंही. मत नसेल तर शोधायचं काय, हेच कळत नाही. प्रश्न पुढे येतो. समोर आलेला पुरावा मताशी जुळत नसेल तर तुम्ही काय करता?

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घेऊ. समजा अमरावतीचा एक विद्यार्थी विषय निवडतो : 'वऱ्हाडातील शेती आणि सिंचन'. त्याचं पहिलं विधान ठरलेलं असतं. विदर्भात सिंचनाचा अनुशेष आहे, म्हणून शेती मागे आहे, म्हणून विहिरी वाढवा. याला आधारही भक्कम आहे. वि. म. दांडेकर समितीनं 1984 च्या अहवालात प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला, तेव्हापासून हा शब्द आपल्या तोंडी बसलाय.

मग तो दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागाची माहिती काढतो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथं विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. त्यात सोडियम जास्त. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे बारीक कण भरपूर. कॅल्शियम त्यांना एकत्र धरून ठेवतं, सोडियम त्यांना सुटं करतं. सुटे झालेले कण छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. म्हणजे ज्याला आपण उपाय म्हणत होतो, ते विहिरीचं पाणीच इथं जमीन बिघडवतं.

आता विद्यार्थ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, हा भाग निबंधातून गुपचूप वगळायचा. ही सरळ अप्रामाणिक. दुसरी, एकदम उलटं टोक गाठायचं : 'सिंचनाचा उपयोग नाही.' हीसुद्धा घाईच. कारण सातपुड्यातून येणारं वान धरणाचं पाणी गोडं आहे, शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणीही गोडं. तिसरी वाट म्हणजे विधान नेमकं करायचं : 'सिंचन किती, याइतकंच पाणी कोणतं आणि जमीन कोणती, हेही महत्त्वाचं.' मूळ मत पूर्ण पडलं नाही, पण त्याची हद्द कळली. निबंध इथं खरा सुरू होतो.

विधान बदललं की वाचनही बदलतं. विहिरींची आकडेवारी बाजूला पडते आणि जिप्सम, निचरा, शेततळी, ओलाव्यावरचा हरभरा यांवरचं साहित्य हाती येतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या जमिनींवर काम झालंय. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानंही खारपाणपट्ट्यातली गावं दुष्काळी गावांपासून वेगळी धरली. आधीच्या विधानाला चिकटून बसला असता, तर यातलं काहीच त्यानं उघडून पाहिलं नसतं.

हे जमायला थोडी शिस्त लागते. सुरुवातीलाच वहीत लिहा : 'कोणती गोष्ट दिसली तर मी माझं मत बदलेन?' विरोधात जाणाऱ्या नोंदींसाठी वेगळं पान ठेवा, कारण त्याच आधी विसरल्या जातात. मुख्य विधान बदललं की तारीख टाकून नवं लिहा, जुनं खोडू नका. आणि मार्गदर्शकांपासून हा बदल लपवू नका.

कुणी विचारेल, पुराव्यागणिक मत बदलत राहिलो तर निबंध संपणार कधी? एका नोंदीनं मत बदलू नका. ती नोंद कुठली, किती गावांची, कुणी मोजलेली, हे तपासा. अपवाद असेल तर अपवाद म्हणून मांडा. कारण समजलं आणि तेच अनेक ठिकाणी दिसलं, तर मात्र विधानाला हात घाला.

निबंध गुणांसाठी लिहिला जातो, हे मान्य. पण त्यातलं वाक्य उद्या एखाद्या योजनेच्या अहवालात जाऊ शकतं, आणि त्या वाक्याच्या भरवशावर कुणीतरी कर्ज काढून खारपाणपट्ट्यात विहीर खोदू शकतो.