पिपरी मेघेच्या उन्हाळ्यात क्रिटिकल टेम्परेचर

वायूचा द्रव कसा कराल? पेट-मुलाखतीत बरेच जण 'दाब वाढवा' म्हणून मोकळे होतात. थांबा. कार्बन डायऑक्साइडचं क्रिटिकल टेम्परेचर ३१ अंश सेल्सिअस. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होणार नाही. थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्येच हे मांडलं. आता आपल्या पिपरी मेघेतला मे महिना घ्या, पारा ४५ च्या आसपास! लॅबमधला अग्निशामक सिलिंडर तेवढा तापला की आत द्रव उरतच नाही, दाब मात्र झपाट्याने चढतो. म्हणून तो सावलीतच ठेवा. स्वयंपाकाच्या गॅसला ही अडचण नाही: प्रोपेनचं ९७, ब्युटेनचं १५२, त्यामुळे नुसत्या दाबावर भागतं. ऑक्सिजनचं उणे ११८.६, त्याला आधी गार करावंच लागतं.